जॉबर आबांचे भेव

यंत्रमागावर आयुष्य घालवलेली पुष्कळ धीट माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हाताला एखाददुसरे बोट कमी आहे. जॉबर आबांची दहाही बोटे शाबूत होती. याचे कारण स्वच्छ होते. आमच्या गोडादऱ्यातच काय, अवघ्या सुरतेत त्यांच्याइतका भित्रा गृहस्थ शोधून सापडला नसता. ते लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नसत. सिटी बसमध्ये दाराजवळची जागा मिळाली नाही तर उतरून पुढच्या बसची वाट पाहत. विजेचे बटण दाबायचे तर बोटाने नव्हे, मुठीच्या मागच्या बाजूने. बांधकामाच्या परांचीखालून रस्ता जात असला तर ते पलीकडच्या बाजूने जात आणि बरोबरच्या माणसालाही हाताला धरून तिकडे नेत. या सगळ्याला त्यांच्या अहिराणीत एकच शब्द होता, भेव. ‘माले भेव वाटस,’ असे ते कोणाहीसमोर, अगदी बायकामुलांच्या घोळक्यातसुद्धा, हवापाणी सांगावे तितक्या सहजपणे सांगत. मला त्या सहजपणाचा राग येई.

ज्यांनी यंत्रमागाचा कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कारागीर माग चालवतो. माग बिघडला की तो जुळवून देणारा, सुरू करून देणारा आणि वेळेला सगळी रांग थांबवणारा माणूस म्हणजे जॉबर. आबांच्या हाताखाली अठ्ठेचाळीस माग होते. ते एकदम चालू लागले की शेजारी उभ्या असलेल्या माणसाने कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसे हातांनी बोलतात. पाणी प्यायला जातो, माझ्या मागावर लक्ष ठेव, सुताची तार तुटली, शेठ आला, या प्रत्येकाची खूण ठरलेली असते. आणि या सगळ्या खुणांच्या वर एक खूण, जी फक्त जॉबरने करायची: उजवा हात डोक्याच्या वर उचलून मूठ आवळायची आणि ती झटक्याने मांडीपर्यंत खाली ओढायची. हँडल पाडा. ही खूण दिसली की कारागीर विचार करत नाही. हातातले काम, तोंडातला घास जसाच्या तसा ठेवून तो आधी हँडल पाडतो, माग थांबतो, मग का ते विचारायचे. आणि जॉबर दुसऱ्या हाताने सुटीची खूण करीपर्यंत कोणी मागाला हात लावायचा नाही.

आबांच्या या भीतीला जन्म देणारा प्रसंग त्यांनी मला एकदाच सांगितला. तरुणपणी शेजारच्या मागावरचा धोटा, म्हणजे आडवे सूत घेऊन ये-जा करणारा टोकदार लाकडी तुकडा, सुटून उडाला आणि त्यांच्या गावच्याच एका कारागिराचा डोळा गेला. माग आधीपासून वेगळा वाजत होता, आबांना ते कळले होते आणि ‘उगाच काय सांगायचे’ म्हणून ते गप्प राहिले होते. तेव्हापासून ते कारखान्यात अनवाणी फिरत. कान पुढे मंद होत गेले. पण फरशीवर टेकलेल्या तळव्यांतून त्यांना कोणता माग कुरकुरतो आहे ते समजे. सैल बाहीचा सदरा घालून आलेल्या कारागिराला ते दारातूनच परत पाठवत. ‘भेव घर ठेईसन कामवर येवानं नही,’ हे त्यांचे वाक्य. भीती घरी ठेवून कामावर यायचे नाही. नवी पोरे हसत. पण आबांच्या रांगेत कोणाचे बोट गेले नाही, ही गोष्ट हसणाऱ्यांनाही मान्य करावी लागे.

माझा स्वभाव याच्या अगदी उलट. मी मूळचा विदर्भातला. पलसाण्याच्या एका रंगाईच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. चुकीचे काही दिसले की माझे डोके तापते आणि डोके तापले की मी पत्र लिहितो. पोचपावतीसह, रजिस्टर टपालाने, नियमाच्या आधारासह. आमच्या गल्लीतल्या गटाराचे झाकण नाहीसे झाले तेव्हा मी महापालिकेला तीन पत्रे लिहिली, तिसऱ्यात बराच कडक मजकूर होता. पहिल्या पत्राच्या दिवशीच आबांनी स्वतःच्या घरातली मोडकी खाट आणून त्या भोकावर आडवी टाकली आणि तिला लाल फडके बांधले. मी म्हणालो, ‘आबा, तुम्ही खाट टाकलीत म्हणून आता पालिका आणखी सहा महिने येणार नाही. त्यांची जबाबदारी आहे ही.’

‘शे ना,’ आबा म्हणाले. ‘तुमनं पत्र पोचस तोवर हाई खाट ऱ्हाऊ द्या, भाऊसाहेब. पोरं दखतस नहीत.’

पोरे न बघता धावतात, हे त्यांचे म्हणणे खरे होते. तरी मला वाटले, या माणसाला हक्क म्हणजे काय ते कळत नाही.

आमच्या सोसायटीच्या मंडळाचा मी चिटणीस असताना दमणची सहल ठरली. सकाळी बसने निघायचे, सीमा ओलांडून दमणला जायचे, मोटी दमणचा पोर्तुगीज किल्ला बघायचा आणि सायंकाळपर्यंत घरी. सहलीची कल्पना माझी होती. मुलांनी इतिहास पुस्तकात वाचण्यापेक्षा दगडात पाहावा, असे मी सूचनाफलकावर लिहिले होते. नावे देणाऱ्यांत बहुतेक आबांच्याच कारखान्यातले कारागीर आणि त्यांच्या बायका-मुले. काही जणांना किल्ल्यापेक्षा नानी दमणच्या बाजारात अधिक रस होता, हेही मला ठाऊक होते. गुजरातेत बाटलीला बंदी आहे, दमणला नाही. त्यामुळे ‘दमणला जातो’ एवढे म्हटले तरी आमच्याकडे ऐकणारा डोळा मिचकावतो. मी सर्वांकडून वचन घेतले होते, सहल कोरडी राहील. आबांनी सगळ्यांत शेवटी नाव दिले. कारण विचारले तर म्हणाले, ‘सगळा मना मानसं जाई ऱ्हायनात. मी आठे बठीसन काय करू?’ सगळी माझी माणसे चालली, मी इथे बसून काय करू, असे त्यांचे म्हणणे.

बसमध्ये त्यांची फार टिंगल झाली. गोकुळ नावाचा एक कारागीर होता, तोंडाचा फटकळ, आबांचा लाडका. बायको सुनीता आणि पाच वर्षांची मुलगी त्याच्याबरोबर होती. तो म्हणाला, ‘आबा, ये दमण है, काला पानी नहीं. ऐसा मुंह करके काहे बैठे हो?’

‘तू दारूनं दुकान दखीसन हसशी, तवय मी भी हसू,’ आबा म्हणाले, आणि अख्खी बस हसली.

किल्ला नदीच्या पलीकडे. अलीकडच्या धक्क्याजवळचा पायी जाण्याचा पूल त्या वेळी दुरुस्तीसाठी बंद होता, आणि मोठ्या पुलावरून जायचे तर बराच वळसा. त्यामुळे धक्क्यावर होडीवाल्यांचे चांगले चालले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. नदीचे पाणी तांबूस, जड, मुखाकडे ओढ घेत होते. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ उघडे पडले होते. होडी लाकडी होती, मधोमध पेटीखाली डिझेलचे इंजिन. बाजूला पांढऱ्या रंगात लिहिले होते: प्रवासी २५. मी मोजले. आमचेच एकेचाळीस होते, त्यात इतर आठ-दहा जण आधीच चढून बसले होते. लाइफ जॅकेटे होती, पण ती नाकावरच्या पेटीत, आणि पेटीला कुलूप.

माझे डोके तापले. मी तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला, तो आकडा दाखवला, परवान्याचा क्रमांक विचारला, कुलपाची किल्ली मागितली. तो माझ्याकडे न पाहता दोर सोडत म्हणाला, ‘कशुं नहीं थाय, काका. बेसवुं होय तो बेसो, नहीं तो बाजु पर खसो.’ काही होणार नाही. बसायचे तर बसा. मी खिशातली वही काढली आणि तिथेच उभा राहून होडीचा क्रमांक, वेळ, माणसांची संख्या, कुलूप, सगळे लिहून घेतले. तोपर्यंत आमची माणसे एकमेकांना हात देत होडीत चढत होती.

आबा मात्र पायरीवरच थांबले होते. त्यांनी माझी बाही धरली. ‘भाऊसाहेब, आपन रिक्षा करूत. त्या मोठा पुलवरतीन.’

मी म्हणालो, ‘मी सगळे नोंदवले आहे. उद्या पत्र जाईल. याचा परवाना रद्द होईल, बघा तुम्ही.’

‘पानी तुमनी चिठ्ठी वाचस का?’ आबांनी विचारले.

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरेच उत्तर हवे होते. पण होडीत बसलेली माणसे ऐकत होती, गोकुळ हसत होता, तांडेल हसत होता. मी संतापलो आणि सर्वांदेखत म्हणालो, ‘आबा, भित्रेपणालाही काही हद्द असते.’ आणि मी होडीत चढलो. एकेचाळीस माणसांचा चिटणीस, नियम हाताच्या बोटांवर मोजणारा, पंचविसांच्या होडीत पन्नासावा किंवा एकावन्नावा म्हणून चढलो. लिहून घेतले म्हणजे आपले काम झाले, असे मला त्या क्षणी प्रामाणिकपणे वाटत होते. पुढचे जे घडले त्याबद्दल मी कितीही जणांना दोष दिला असला तरी त्या यादीत पहिले नाव कोणाचे, हे मला ठाऊक आहे.

आबा सर्वांत शेवटी चढले. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या आणि इंजिनाच्या पेटीला टेकून, अनवाणी तळवे फळीवर टेकवून उभे राहिले.

होडी निघाली. माणसे मांडीला मांडी लावून बसली होती, कित्येक उभी होती. होडीचा काठ पाण्यापासून वीतभर वर. मुले हात बाहेर काढून पाणी शिवत होती आणि त्यांना हात लांबवावा लागत नव्हता, हे मी पाहिले. पाऊण नदी ओलांडली असेल. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, ‘इंजिन मरी ऱ्हायनं.’ मला आवाजात काहीच फरक जाणवत नव्हता. तांडेलालाही नसावा, तो बिडी पेटवत होता. आबांनी त्याच्या खांद्याला हात लावला, पायांकडे बोट दाखवले. त्याने पुन्हा तेच उत्तर दिले. ‘कशुं नहीं थाय.’

आणि इंजिन बंद पडले.

 आधी फक्त पाण्याचा आवाज आला, होडीच्या कुशीला घासत जाणारा. मग होडीचे नाक हळूहळू वळले. किल्ल्याची तटबंदी समोर होती ती डावीकडे सरकली आणि समोर नदीचे मुख आले, त्यापलीकडे वाळूच्या दांड्यावर फुटणाऱ्या पांढऱ्या लाटांची रेघ. ओहोटी आम्हाला तिकडे नेत होती. घाई करत नव्हती, पण थांबतही नव्हती. तांडेल इंजिनाच्या पेटीचे बाजूचे झाकण उघडून वाकला. कोणीतरी बाई ओरडली. ‘तो काठ जवळ आहे’ असे कोणीतरी म्हणाले आणि पाठोपाठ सगळी उभी माणसे काठाच्या बाजूला धावली.

होडी कलली. होडीच्या काठावरून पाणी आत आले, गुडघ्याएवढे नसेल, घोट्याएवढे असेल. पण ते आत आले आणि परत गेले नाही. सुनीताच्या हातातून मुलगी सुटली आणि माणसांच्या पायांत गेली. तांडेल जोरजोरात ओरडत होता, बहुधा बसा म्हणून सांगत होता. पण पन्नास माणसांच्या किंकाळ्यांत ते कोणाला ऐकू जाणार? मीही ओरडत होतो. काय ओरडत होतो ते मला आठवत नाही. माझ्या हातात वही होती आणि ती मी छातीशी धरली होती.

तेव्हा आबा इंजिनाच्या पेटीवर चढले. काडीसारखी सडपातळ ती आकृती, पांढरा लेंगा, पांढरी टोपी. त्यांनी उजवा हात डोक्यावर उचलला, मूठ आवळली आणि झटक्याने मांडीपर्यंत खाली ओढली.

कारागिरांची एक सवय बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. यंत्र थांबले की त्यांची मान आपोआप जॉबरकडे वळते. घाबरलेले असोत, पळत असोत, मान वळतेच. तीस-तीस वर्षे तिला तेच वळण लागलेले असते. त्या दिवशीही ती वळली. आणि हात दिसला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, वीस-बावीस पुरुष जागच्या जागी थिजले. आबांनी दोन्ही पंजे पालथे करून खाली दाबले. बसा. ते बसले, साचलेल्या पाण्यातच, आणि बसताना शेजारची बायको, पोर, अनोळखी माणूस, जे हाताला लागले ते खाली ओढून घेतले. मग आबांनी बोटाने एकेकाला दाखवले: तू या बाजूला, तू तिकडे. कोणी उभे राहिले नाही. बसल्या बसल्या, पाण्यातून सरकत गेले. गोकुळने मुलीला पायांतून वर काढले. तो तिला घेऊन उठायला लागला तसा आबांचा पंजा त्याच्याकडे वळला आणि तो पुन्हा बसला.

होडी सरळ झाली.

त्यानंतर किती वेळ गेला ते मी सांगणार नाही, कारण मला खात्रीने माहीत नाही आणि खात्री नसलेली गोष्ट मी लिहीत नाही. तांडेलाने नांगर टाकला, तो घसरत राहिला. फुटणाऱ्या लाटांचा आवाज आधी ऐकू येत नव्हता, तो येऊ लागला.  सर्वांचे डोळे आबांच्या हातावर होते, कारण त्यांनी तो पुन्हा वर उचलला होता आणि सुटीची खूण झालेली नव्हती. मी त्यांच्या पायाशीच बसलो होतो. त्यांचे गुडघे लटलट कापत होते, लेंग्याचे कापड थरथरताना मला दिसत होते, दातांवर दात आपटत होते. हात तेवढा हलत नव्हता. शेवटी मुखाकडून परतणारी एक मासेमारीची होडी आमच्याकडे वळली आणि तिच्यावरच्या माणसांनी दोर फेकला.

पलीकडच्या धक्क्याला शेवटचे मूल उतरले तेव्हा आबांनी डाव्या हाताने सुटीची खूण केली. उजवा हात त्यांना खाली घेता येईना. गोकुळने तो दोन्ही हातांनी धरून, चोळत चोळत खाली आणला. त्या दिवशी गोकुळने एकही विनोद केला नाही.

किल्ला आम्ही पाहिला नाही. तटाच्या सावलीत ओले कपडे वाळवत बसलो आणि मग रिक्षा करून मोठ्या पुलावरून परत आलो. पुलाच्या मध्यावर आबांनी रिक्षातून खाली पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

मी पत्र लिहिले. ते माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब पत्र असेल. महिन्याभराने संबंधित कार्यालयाचे उत्तर आले: सदर दिवशी कोणतीही दुर्घटना घडल्याची नोंद नाही, तक्रारदाराव्यतिरिक्त प्रत्यक्षदर्शीचे सही केलेले निवेदन असल्यास सादर करावे. कोणी मेले नव्हते, म्हणून काही घडले नव्हते. मी ते उत्तर घेऊन घरोघर फिरलो. पन्नास जिवांचा प्रश्न होता, उद्या त्याच होडीत दुसरी पन्नास माणसे बसणार होती. पण सही कोणी करेना. ‘काका, दमणला गेलो होतो असं कागदावर लिहून देऊ?’ एकाने विचारले. ‘पोलीस विचारतील, दमणला कशाला गेला होतास. शेठ विचारेल.’ दुसऱ्याने दार उघडले नाही. मी संतापून सूचनाफलकावर चार ओळी लिहिल्या, त्या आज मला वाचायलाही नकोत. आबांच्या घरी मी गेलोच नाही. ज्या माणसाला विजेच्या बटणाचे भय वाटते तो सरकारी कागदावर सही करील, हे मला शक्य वाटले नाही. आणि खरे सांगायचे तर, धक्क्यावर बोललेल्या वाक्यानंतर त्यांच्या दारात उभे राहायला मला तोंड नव्हते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ते आपणहून आले. अंघोळ केलेली, कपाळाला गंध, धुतलेला सदरा. खुर्चीवर बसले नाहीत. ‘सही कथी करानी?’ सही कुठे करायची, म्हणून विचारले.

मी म्हणालो, ‘आबा, तुम्हाला भीती नाही वाटत?’

‘वाटस ना. भेव वाटस म्हनीसन उनू.’ भीती वाटते म्हणूनच आलो. ‘ती होडी अजून चालू शे. माले सपनमा ती पोर दखास.’

मी निवेदन तयार केले आणि मोठ्याने, त्यांच्या कानाशी, वाचून दाखवले. एका वाक्यावर त्यांनी हात वर केला. मी लिहिले होते: ‘अशा प्रसंगी मी यत्किंचितही न घाबरता, धैर्याने…’

‘हाई खोटं शे,’ आबा म्हणाले.

‘आबा, हे तुमच्या गौरवाचे आहे. राहू द्या.’

‘सरकारी कागदवर खोटं लिखानं का, भाऊसाहेब? तुम्हीच तर सांगतस, नही लिखानं.’

 ते पुढे जे बोलले ते मी आमच्या मराठीत देतो. ते म्हणाले, मी घाबरलो नव्हतो असे लिहिलेत तर वाचणारा साहेब म्हणेल, असा एखादा धीट माणूस होडीत असला की झाले. मला तर निघण्याच्या आधीपासून भीती वाटत होती. तेच लिहा. भीती वाटली तेव्हाच कोणी ऐकले असते तर हात वर करायची वेळ आली नसती.

मी ते पान फाडले आणि नव्याने लिहिले: ‘होडी सुटण्यापूर्वीपासून मी अत्यंत घाबरलेला होतो व तसे मी आमच्या मंडळाच्या चिटणिसांना सांगितले होते. त्यांनी माझे ऐकले नाही.’ शेवटचे वाक्य माझे होते. आबांनी ते वगळायला सांगितले, मी वगळले नाही. कायद्याप्रमाणे निवेदन पूर्ण असावे लागते. त्यांनी सही केली. 

वर्षभराने आबांनी काम सोडले. कान पूर्ण गेले होते आणि गावी मुलगा बोलावत होता. उधना स्टेशनवर त्यांना पोहोचवायला कारखान्यातले बरेच जण आले होते. गाडीचा भोंगा, हमालांचा आरडाओरडा, यांत कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येण्यासारखे नव्हते, आणि त्या सगळ्यांना त्याची अडचण नव्हती. ते हातांनी बोलत होते.  गाडी हलली तेव्हा आबांनी खिडकीतून एक बोट स्वतःच्या डोळ्याला लावले, मग प्लॅटफॉर्मवरच्या आम्हा सगळ्यांवरून फिरवले. मी गोकुळला त्याचा अर्थ विचारला. तो म्हणाला, ‘पाणी प्यायला जाताना करतात, काका. मी येतो तोवर माझ्या मागांकडे बघा.’

ते परत आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. अंथरुणातच गेले, शांतपणे, घरातल्या सगळ्यांच्या मध्ये. मुलगा म्हणाला, ‘बाबांनी घराचे सगळे स्विच पुन्हा बसवून घेतले होते.’

त्यांच्या निवेदनावर कार्यालयाचे उत्तर त्यानंतर आले. ‘संबंधितांना योग्य त्या सूचना देण्यात आल्या आहेत.’ एवढेच. सूचना म्हणजे काय झाले ते पाहण्यासाठी मी यंदा एकटा दमणला गेलो. आकडा ताज्या रंगाने नव्याने लिहिला होता: प्रवासी २५. पेटीला नवे कुलूप होते. होडी भरत होती. मी मोजत गेलो, चाळीसच्या पुढे गेल्यावर मोजणे सोडले. ओहोटी होती. माझ्या हाताने सवयीने वही काढली, पेनाचे टोपण काढले. क्रमांक लिहिला. मग पाण्याकडे पाहिले आणि वही खिशात ठेवली.

मी धक्क्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत उतरलो, उजवा हात डोक्यावर उचलला, मूठ आवळली आणि खाली ओढली. तिथे ती खूण ओळखणारे कोणी नव्हते. तांडेल माझ्याकडे बघून हसला. एक तरुण बाई, कडेवर लहान मुलगी घेतलेली, एक पाय होडीत टाकण्याच्या बेतात होती. काय झाले म्हणून तिने थांबून विचारले, ‘शुं थयुं, काका?’

तिला सांगण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ होते. परवान्याचा नियम, कुलूप, पोचपावत्या, कार्यालयाची दोन्ही उत्तरे, सगळे पाठ होते. माझे गुडघे कापत होते.

‘मने बीक लागे छे,’ मी म्हणालो. मला भीती वाटते. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, कोणाहीसमोर, पहिल्यांदाच.

तिने माझ्या पायांकडे पाहिले, होडीच्या काठाकडे पाहिले, मुलीला कडेवर जरा वर सरकवले. मग पाय मागे घेतला आणि माझ्या शेजारी पायरीवर उभी राहिली.